कापलेला आणा : भविष्य निर्वाह निधीच्या इतिहासातील एक प्रश्न

१९९९ सालची गोष्ट. उत्तर भारतातील एका जुन्या औद्योगिक शहरात माझी नेमणूक होती. तेथील एक कापड गिरणी बंद पडून काही वर्षे लोटली होती आणि तिच्या देण्यांची पडताळणी करणाऱ्या समितीत माझ्या खात्याची प्रतिनिधी म्हणून मी बसत असे. एके दुपारी एक वृद्ध विधवा फडक्यात बांधलेले गाठोडे घेऊन आली. त्यात तिच्या नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, महिन्यांच्या क्रमाने लावून दोऱ्यात ओवलेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर 'पी. एफ.' या शब्दांपुढे आकडा होता. आमच्यापुढील खातेउताऱ्यात मात्र शेवटच्या सव्वीस महिन्यांचे रकाने कोरे होते. तिने एवढेच विचारले, "मॅडम, पैसा तो कट गया था. फिर गया कहाँ?"

त्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर माझ्यापाशी होते. पैशाचे नव्हते.

अर्थशास्त्रात एम. ए. करताना सक्तीच्या बचतीविषयी मी पुष्कळ वाचले होते. बचतीचा दर, व्याजाचा दर, भांडवलनिर्मिती हे सारे पाठ होते. कामगाराच्या हातून सुटलेला आणि निधीच्या खात्यात अद्याप न पोहोचलेला पैसा त्या मधल्या काळात कुणाचा असतो, हा प्रश्न मात्र कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला भेटला नव्हता. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा इतिहास मी पुढे सवडीने वाचला, तेव्हा ध्यानात आले की त्याचा फार मोठा भाग याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

निधीपूर्वीचा काळ

कामगाराच्या म्हातारपणाची तरतूद ही आपल्याकडे आरंभी मालकाच्या मर्जीची बाब होती. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ साली पेन्शन फंड सुरू केला. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९२० साली भविष्य निर्वाह निधी आला. १९२५ साली प्रॉव्हिडंट फंड्स कायदा झाला. त्याने सरकारी व रेल्वेसारख्या निधींतील रकमेला सावकाराच्या जप्तीपासून संरक्षण दिले. पण खासगी मालकाने निधी काढलाच पाहिजे, अशी सक्ती त्यात नव्हती. चांगल्या मालकाच्या पदरी असलेल्यास निधी आणि इतरांस नशीब, अशी ही व्यवस्था होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विचाराची दिशा बदलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. अडारकर हे अलाहाबादेत अर्थशास्त्राचे अध्यापन करणारे मराठी गृहस्थ. महाराष्ट्राबाहेर राहून देशाच्या कारभारात आपला वाटा उचलणाऱ्या मराठी माणसांच्या यादीत त्यांचे नाव आपण फारसे घेत नाही, ते घ्यायला हवे. त्यांचा अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये सादर झाला आणि त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. पगारातून कामगाराचा वाटा कापायचा, त्यात मालकाने आपला वाटा घालायचा आणि दोन्ही रकमा एका वैधानिक संस्थेकडे भरायच्या, ही रीत त्या कायद्याने देशापुढे ठेवली. त्याच वर्षी कोळसा खाणींतील कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधीचा वेगळा कायदा झाला.

आरोग्यविमा योजनेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूरला २४ फेब्रुवारी १९५२ रोजी झाले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ४ मार्च १९५२ रोजी, भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. त्याचा वटहुकूम १५ नोव्हेंबर १९५१ लाच निघाला होता. पहिली सार्वत्रिक निवडणूक तेव्हा सुरू होती आणि मजूरमंत्री होते जगजीवनराम.

पेन्शन का नाही?

या कायद्याच्या उद्देशपत्रिकेत एक प्रांजळ कबुली आहे. प्रगत औद्योगिक देशांप्रमाणे कामगाराला वार्धक्यात आणि त्याच्या पश्चात कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळावे हाच उत्तम मार्ग, असे सरकारने त्यात मान्य केले; परंतु तशी योजना नजीकच्या भविष्यात शक्य दिसत नाही, असेही लगेच सांगितले. दुसरा पर्याय ग्रॅच्युइटीचा होता. त्यात कामगाराचा स्वतःचा वाटा नसल्याने हाती येणारी रक्कम लहान राहील, असा विचार झाला. म्हणून तिसरा मार्ग निवडला गेला : दोघांनी वर्गणी भरायची, ती सक्तीने भरायची आणि नोकरीच्या शेवटी साठलेली पुंजी एकरकमी हाती द्यायची.

या निवडीचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पेन्शनमध्ये माणूस किती वर्षे जगेल आणि भाव किती वाढतील, याची जोखीम पूर्णतः किंवा अंशतः पेन्शन देणाऱ्याच्या शिरावर असते. निधीमध्ये ती कामगाराच्या शिरावर येते. १९५२ च्या भारतापाशी या जोखमीचा भार उचलण्याइतके बळ नव्हते. त्यामुळे त्या निर्णयाला मी दोष देत नाही. पण तो एका गरीब देशाने नाइलाजाने केलेला निर्णय होता, याचा विसर पडता कामा नये.

रुपयामागे एक आणा

प्रत्यक्ष वर्गणी १ नोव्हेंबर १९५२ पासून सुरू झाली. आरंभी सहा उद्योग निवडले होते : सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड. पन्नास किंवा अधिक कामगार असलेले आणि सुरू होऊन तीन वर्षे झालेले कारखानेच त्यात येत. महिना तीनशे रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना सदस्यत्व सक्तीचे होते.

वर्गणीचा दर सव्वासहा टक्के. हा अपूर्णांक आज विचित्र वाटतो, परंतु सोळा आण्यांच्या हिशेबात तो अगदी सरळ आहे : रुपयामागे एक आणा. शंभर रुपयांमागे कामगाराचे सहा रुपये चार आणे, तितकेच मालकाचे. अक्षरओळख नसलेल्या कामगारालाही हा हिशेब बोटांवर करता येई. पुढे आणे गेले, दशमान नाणी आली आणि दरही वाढत गेला : साठच्या दशकात काही उद्योगांना आठ टक्के, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दहा टक्के आणि २२ सप्टेंबर १९९७ पासून बहुतेकांना बारा टक्के. कामगारसंख्येची अट १९६० च्या अखेरीस पन्नासवरून वीसवर आली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही या कायद्याच्या छत्राखाली आणले.

पगारपत्रकावर ही वर्गणी कशी चाले, ते थोडक्यात सांगते. दोन्ही वाटे प्रथम मालकाने भरायचे. कामगाराचा वाटा त्याच महिन्याच्या पगारातून वळता करून घ्यायचा. महिना संपल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम निधीकडे पोहोचायची. मालक एखाद्या महिन्यात कापायला विसरला, तर तो वाटा पुढल्या पगारातून सहसा वसूल करता येत नसे. ठेकेदाराची माणसे असली तरी अंतिम जबाबदारी मूळ मालकाची. आपला वाटा भरावा लागतो म्हणून मालकाने पगार कमी करू नये, असेही कलम होते.

हे शेवटचे कलम वाचताना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जरा हसू येते. चालू पगार कमी करण्यास बंदी घालता येते. नव्या माणसाला नेमताना पगार ठरवतेवेळी मालकाने मनात काय वजाबाकी केली, हे कोण पाहणार? आजच्या नेमणूकपत्रांत ती वजाबाकी उघडच छापलेली असते. 'सीटीसी' नावाच्या वार्षिक आकड्यात मालकाचा वाटाही पगार म्हणूनच मोजतात. बंगळूर-हैदराबादेत नोकरी करणारी आपली मुले तो आकडा घरी कळवतात आणि हाती येणारी रक्कम पाहून आईवडील बुचकळ्यात पडतात.

पगार म्हणजे काय?

वर्गणीचा दर कायद्याने ठरला, परंतु तो लावायचा कशावर? मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर, असे कायदा सांगे. घरभाडे, जादा कामाचा मोबदला, बोनस हे वगळले होते. या वगळलेल्या यादीतूनच पळवाट निघाली. पगार वाढवायचा तर मूळ वेतन तसेच ठेवून नवनवे भत्ते जोडायचे : विशेष भत्ता, वाहन भत्ता, धुलाई भत्ता. कामगाराच्या हाती महिन्याला थोडे अधिक येई, म्हणून तोही तक्रार करत नसे. त्याची किंमत तीस वर्षांनी कळे.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच कसोटी घालून दिली होती, की सर्वांना सरसकट मिळणारी रक्कम हे वेतनच होय. वाद मात्र चालूच राहिले. २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने सरसकट दिल्या जाणाऱ्या विशेष भत्त्यांना हीच कसोटी पुन्हा लावली. संसदेने २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता संमत केली, तीत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनात धरावा, अशी व्याख्या आहे. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. एका शब्दाचा अर्थ बांधून घ्यायला एवढी वर्षे लागावीत, यावरून त्या शब्दामागे किती पैसा दडला होता याची कल्पना यावी.

कापले, पण भरले नाही

आता त्या विधवेच्या प्रश्नाकडे येते. आजारी पडलेल्या कारखान्यात सर्वांत आधी थांबते ती निधीची भरणा. कच्च्या मालाचे पैसे थकवले तर माल बंद होतो, विजेचे थकवले तर दिवे जातात, पगार थकवला तर कामगार दारात बसतात. निधीचे थकवले तर त्या दिवशी काहीच घडत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर आकडा उमटत राहतो आणि पैसा गिरणीच्या खेळत्या भांडवलात मिसळून जातो. कामगार नकळत मालकाचा बिनव्याजी सावकार होतो.

आरंभी कायद्याने याकडे थकलेल्या देण्याच्या नजरेने पाहिले : उशीर झाला तर दंड, वसुलीचे अधिकार, दिवाळखोरीत इतर देण्यांपूर्वी निधीची बाकी. परंतु कर थकवणे आणि दुसऱ्याचा पैसा खाणे यांत फरक आहे. तो फरक १९७३ च्या दुरुस्तीने मान्य केला. भारतीय दंडसंहितेच्या ४०५ व्या कलमाला स्पष्टीकरण जोडले गेले : मालकाने कामगाराच्या पगारातून निधीचा वाटा कापला, की तो पैसा मालकाकडे ठेव म्हणून सोपवला आहे असे मानावे, तो भरला नाही तर विश्वासघाताचा गुन्हा. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही हे स्पष्टीकरण टिकून आहे. कापलेला आणा मालकाच्या तिजोरीत असतानाही कामगाराचाच असतो, हे शब्दांत लिहायला निधी सुरू झाल्यापासून एकवीस वर्षे लागली.

कामगाराच्या पदरात काही पडावे म्हणून निधीनेही एक सोय केली होती. १९६० च्या सुमारास 'विशेष राखीव निधी' उभारण्यात आला. मालकाने कापून न भरलेली रक्कम निवृत्त होणाऱ्या सदस्याला किंवा त्याच्या वारसाला त्यातून देता येई आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची असे. या राखीव निधीत पैसा आला तोही इतर कामगारांच्या खात्यांतूनच. त्या काळी ठरावीक वर्षांचे सदस्यत्व पूर्ण होण्यापूर्वी नोकरी सोडणाऱ्याला मालकाचा वाटा पुरता मिळत नसे. उरलेला जप्त होई. ती अट पुढे गेली.

मालकाच्या वहीत कामगाराचे खाते

त्या जप्तीच्या अटीचा फटका बसे तो गाव सोडून गाव धरणाऱ्याला. आपण घराबाहेर पडलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. निधी देशव्यापी होता, खाते मात्र मालकाशी बांधलेले होते. खातेक्रमांकात आधी प्रांताचे अक्षर, मग कारखान्याचा क्रमांक आणि सर्वांत शेवटी माणसाचा. मुंबईची गिरणी सोडून इंदूरला गेलेल्या कामगाराला तेथे नवा क्रमांक मिळे. जुने खाते नव्यात आणायचे तर फॉर्म १३ भरायचा, त्यावर नव्या मालकाची सही, जुन्या कार्यालयाकडून परिशिष्ट. बहुतेकजण त्या वाटेला न जाता दोन महिने थांबून फॉर्म १९ भरीत आणि पैसे काढून घेत. म्हातारपणाची पुंजी दर नोकरीबदलाला अशी संपत गेली. काहींनी काढलेही नाहीत. ती खाती निष्क्रिय म्हणून पडून राहिली आणि एप्रिल २०११ पासून त्यांचे व्याजही थांबले. २०१६ साली ते पुन्हा सुरू करण्यात आले.

ऑक्टोबर २०१४ मध्ये 'यूएएन' म्हणजे सार्वत्रिक खातेक्रमांक आला. मालक बदलला तरी क्रमांक तोच राहू लागला. प्रशासनाच्या भाषेत ही संगणकीकरणाची बाब होती. माझ्या मते या निधीच्या इतिहासात १९७३ नंतरचे हे सर्वांत मोठे पाऊल आहे, कारण त्याने कामगाराचे नाव मालकाच्या वहीतून बाहेर काढले. भरणा झाली की नाही, हे सदस्याला स्वतः पाहता येऊ लागले.

पेन्शनकडे परत

१९५२ साली जे अशक्य म्हणून बाजूला ठेवले होते, त्याकडे सरकार पुढे हळूहळू वळले. १९७१ साली कुटुंब निवृत्तिवेतन आले, १९७६ साली ठेवीशी संलग्न विमा आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. या योजनेसाठी नवी वर्गणी घेतली नाही. मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के तिकडे वळवले आणि केंद्र सरकारने १.१६ टक्के घातले. सप्टेंबर २०१४ मध्ये वेतनमर्यादा १५,००० रुपये झाली. त्या मर्यादेवर हिशेब असा : कामगाराचे १,८०० रुपये निधीत, मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनकडे आणि ५५० निधीत. पेन्शनचे सूत्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर. तेहतीस वर्षे सेवा केलेल्यास दोन वर्षे अधिक धरून महिना ७,५०० रुपये. महागाईनुसार ती आपोआप वाढत नाही.

मी १९९६ साली सरकारी नोकरीत आले. जानेवारी २००४ नंतर आलेल्या माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना वर्गणीची नवी पद्धत लागली. मला मात्र जुने निवृत्तिवेतन आहे, वर सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी. माझी वर्गणी कापणाराही सरकार आणि ठेवणाराही सरकार. पगारातून कापलेला पैसा वाटेत अडकेल, अशी शंका मला आयुष्यात कधी आली नाही. गिरणीतल्या माणसासाठी नियम लिहिणारी, तपासणारी आणि त्यांवर टिपणी करणारी माणसे बहुधा माझ्यासारखी असतात. म्हणूनच व्याजदराची चर्चा आपल्याकडे मोठ्या आवाजात होते. १९८९-९० ते १९९९-२००० अशी अकरा वर्षे निधीने बारा टक्के व्याज दिले, २०२४-२५ साठी ८.२५ टक्के, हे आकडे वृत्तपत्रांत पहिल्या पानावर येतात. पण जो रुपया खात्यात पोहोचलाच नाही, त्याला बारा टक्के काय आणि आठ टक्के काय?

त्या विधवेचा अर्ज मी शिफारशीसह पुढे पाठवला. चिठ्ठ्यांच्या नकला करून घेतल्या. मूळ चिठ्ठ्या तिने हातातून सोडल्या नाहीत आणि तिचे बरोबर होते. अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी माझी बदली झाली. नव्या जागेवरून मी दोनदा पत्र लिहून विचारणा केली. "प्रकरण विचाराधीन आहे" एवढेच उत्तर आले. तिसऱ्यांदा मी लिहिले नाही. याची खंत आजही आहे.

आता भरणा झाल्याचा संदेश सदस्याच्या भ्रमणध्वनीवर येतो. परंतु ज्याचे नावच पगारपत्रकावर नाही, त्याला तो येत नाही. आणि ज्याला येतो, तो वाचतोच असे नाही. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना मी एवढेच सांगते, की महिन्यातून एकदा आपले पासबुक पाहा आणि पगाराच्या चिठ्ठीशी ताळा घाला. कायदा, न्यायालय, संगणक हे सारे नंतर येते. त्या बाईने सव्वीस महिन्यांच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या, म्हणून निदान प्रश्न तरी विचारता आला.